तारखांचा कायदा : मुंबईच्या भाडे-नियंत्रणाची एक चिकित्सा

१ सप्टेंबर १९४० हा दिवस इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत आढळत नाही. तथापि मुंबईच्या चाळींतून, पेठांतून आणि लघुवाद न्यायालयाच्या दप्तरांतून या एका दिवसाने जितका दीर्घ अंमल गाजविला, तितका पुष्कळ मंत्रिमंडळांच्याही वाट्यास आला नाही. १९४७ च्या मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियमाने ‘प्रमाण भाडे’ या संज्ञेची व्याख्या करताना या दिवसाचा आधार घेतला. त्या दिवशी जागा ज्या भाड्याने दिलेली होती, ते तिचे प्रमाण भाडे. त्या दिवशी ती भाड्याने नसल्यास त्यापूर्वी शेवटचे जे भाडे होते ते. आणि ती प्रथम त्यानंतर दिली गेली असल्यास त्या पहिल्या वेळचे भाडे. हा अधिनियम १३ फेब्रुवारी १९४८ रोजी अमलात आला आणि ३१ मार्च २००० रोजी त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ घराची किंमत एका ठरावीक दिवसाकडे पाठ वळवून पाहिल्यावाचून सांगता येत नव्हती.

या कायद्यावर आजवर झालेली टीका बहुधा दोन ठरीव वाटांनी गेली आहे. अर्थशास्त्राचे अभ्यासक म्हणतात की, भाडे गोठविले म्हणजे घरबांधणी आटते. भाडेकरूंचे पक्षपाती म्हणतात की, हा कायदा नसता तर गिरणगाव केव्हाच उठून गेले असते. दोन्ही विधानांत तथ्य आहे आणि दोन्ही पक्ष एका गोष्टीकडे सारखेच दुर्लक्ष करतात. संरक्षण द्यावयाचे ते कोणास, या प्रश्नाचे उत्तर या कायद्याने कोणत्या मापाने दिले, हे त्यांपैकी कोणीच नीट तपासत नाही. ते माप गरजेचे नव्हते, उत्पन्नाचे नव्हते, वयाचे वा श्रमाचेही नव्हते. ते तारखेचे होते.

कायद्याच्या जन्मकाळी हे माप अयोग्य होते असे मात्र म्हणता येणार नाही. भाडे-नियंत्रणाची कल्पना मुंबईस पहिल्या महायुद्धात परिचित झाली. १९१८ च्या युद्धकालीन कायद्याने भाड्यांस प्रथम बंधन घातले, आणि तो कायदा युद्धोत्तर निकड ओसरल्यावर मुदत संपून लोपलाही. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी १९३९ व १९४४ साली तसेच कायदे पुन्हा करावे लागले. त्यानंतर फाळणी झाली, निर्वासितांचे लोंढे आले. आज बृहन्मुंबई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्राची लोकसंख्या १९४१ मध्ये सुमारे १८ लाख होती, ती १९५१ मध्ये ३० लाखांच्या घरात गेली. सिमेंट व पोलाद यांची टंचाई असताना अवघ्या दहा वर्षांत एवढी माणसे कोठे सामावावयाची? अशा वेळी मालकाच्या हाती भाडे वाढविण्याची व घराबाहेर काढण्याची मोकळी सत्ता ठेवणे म्हणजे टंचाईलाच राज्य करू देणे होते. म्हणून प्रमाण भाडे देणाऱ्या अथवा देण्यास तयार असणाऱ्या भाडेकरूस काढता येणार नाही, असे कलम १२ ने सांगितले, आणि काढावयाचेच तर त्याची कारणे कलम १३ ने मोजून दिली. आपत्काळी केलेल्या कायद्यास तारीख लागतेच. पूर कोठवर चढला याची खूण भिंतीवर करावी, तशी ती असते.

दोष आला तो पुढे. हा कायदा तात्पुरता म्हणून केला गेला आणि तात्पुरता म्हणूनच जगला. त्याची मुदत विधिमंडळाने पुनःपुन्हा वाढविली. तात्पुरत्या कायद्याची एक सोय अशी की, त्याच्या मूळ तत्त्वाचा विचार करण्याची वेळ कधी येत नाही. प्रत्येक वेळी प्रश्न एवढाच असतो की, आणखी काही काळ तो चालू द्यावयाचा की नाही. १९१८ चा कायदा मेला, म्हणून त्याच्याविषयी कोणास तक्रार उरली नाही. १९४७ चा कायदा मरू दिला गेला नाही आणि त्याला वाढूही दिले गेले नाही.

कायदा वाढला नाही तरी तारखा मात्र वाढत गेल्या. पोटभाडेकरू ठेवण्यास मूळ अधिनियमात मनाई होती. तरी शहरभर पोटभाडेकरू होतेच, म्हणून २१ मे १९५९ च्या अध्यादेशाने तत्पूर्वीच्या पोटभाडेकरूंस अभय मिळाले. मग मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची पळवाट काढली : राहणारा भाडेकरू नव्हे, केवळ परवानगीने राहणारा, म्हणून त्याला कायद्याचे कवच नाही. यावर १९७३ च्या दुरुस्तीने कलम १५-अ घातले आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो असा परवानाधारक म्हणून जागेत होता तो भाडेकरू मानला जावा, असे ठरविले. या दुरुस्तीत अन्याय काही नव्हता. पण ३१ जानेवारीस आत आलेला मनुष्य आणि २ फेब्रुवारीस आत आलेला मनुष्य यांच्या गरजेत कोणता फरक होता, हे ती सांगू शकत नाही. अभय मिळते ते आधीच आत असलेल्यास. जो बाहेर उभा आहे त्याने पुढच्या तारखेची वाट पाहावी. महाराष्ट्रातील झोपडपट्ट्यांविषयीच्या धोरणातही १९९५, पुढे २००० अशा पात्रतेच्या तारखा आल्या, तेव्हा त्या पद्धतीचे नावीन्य कोणास वाटले नाही, याचे कारण घरभाड्याच्या कायद्याने तिचा परिपाठ फार पूर्वी घालून दिला होता.

कामगारवर्गाला या कायद्याने काय दिले हे पाहावयाचे असेल, तर १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाकडे पाहावे. पगार महिनोन् महिने थांबला, तरी परळ-लालबागच्या खोल्यांतून पुष्कळ कुटुंबांस पाय रोवून राहता आले, ते तेथील भाडे नाममात्र होते म्हणून. सहा महिन्यांची थकबाकी होऊन नोटीस आली तरच कलम १२ चे कवच ढिले होई. तेवढी रक्कम उसनवारीने उभी करणे बेकार कामगारासही अगदीच अशक्य नव्हते. बाजारभावाने भाडे असते तर संपाचा पहिला बळी बिऱ्हाड ठरले असते. भाडे-नियंत्रणाच्या विरोधकांनी या गोष्टीची किंमत आपल्या हिशेबात क्वचितच धरली आहे. मात्र त्याच वेळी, त्याच शहरात, दक्षिण मुंबईतील प्रशस्त सदनिका व मोठ्या कंपन्यांची कार्यालयेही त्याच प्रमाण भाड्याच्या छत्राखाली सुखेनैव होती. गिरणीतील साचेवाला आणि व्यापारी पेढी यांना कायदा एकाच नजरेने पाहत होता, कारण त्याला माणूस दिसत नव्हता. तारीख दिसत होती.

माणूस दिसण्याची एक जागा या अधिनियमात होती, आणि ती फार बोलकी आहे. मालकास जागा स्वतःसाठी वाजवी व प्रामाणिकपणे हवी असल्यास ती परत मिळविण्याचा हक्क कलम १३ मध्ये होता. पण पोटकलम (२) प्रमाणे न्यायालयाने हेही पाहावयाचे की, हुकूम दिल्याने भाडेकरूचे हाल अधिक होतील की न दिल्याने मालकाचे. या एका प्रश्नाच्या दारातून म्हातारपण, आजार, जिना चढण्याची अशक्यता, मुलांच्या शाळा, दुसरी जागा मिळण्याचा संभव या साऱ्या गोष्टी न्यायालयात येऊ शकत. वयोवृद्ध मालक आणि वयोवृद्ध भाडेकरू एकमेकांसमोर उभे राहिले, तर तराजू कोणीकडे झुकावा याचा कोणताही पूर्वनिर्णय कायद्याने केलेला नव्हता, आणि तेच योग्य होते. १९९९ च्या अधिनियमाने ही तरतूद कलम १६ मध्ये राखली. सैन्यदलांतील व्यक्ती आणि शास्त्रज्ञ यांस कलम २३ ने स्वतःची जागा परत मिळण्याची खास वाट करून दिली. केवळ वृद्धत्व या आधारावर तशी वाट मात्र तेथे नाही. वृद्धास आपले हाल न्यायाधीशासमोर मांडून, साक्षीपुरावा देऊन, अपिलांची पायरी चढूनच जावे लागते. दिवाणी दाव्यांच्या सर्वश्रुत गतीत या हक्काचे मोल किती उरते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

परंतु तारखेच्या या मापाचा खरा हिशेब मांडला गेला तो न्यायालयात नव्हे, भिंतींत. भाडे १९४० मध्ये थांबविता येते. चुना, वीट आणि सागवान यांस थांबविता येत नाही. मुंबईच्या जुन्या इमारतींपैकी पुष्कळांची घडण लाकडी तुळया व वीटकामाची आहे. सागरी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबांचा वावर यांनी त्या झिजणारच होत्या. घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी १९४७ च्या अधिनियमाच्या कलम २३ ने मालकावर टाकली होती. त्याने ती टाळली तर नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, अशीही सोय होती. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा अधिक असू नये. हे कलम वाचताना पुरेसे न्याय्य वाटते. आता ते मोजून पाहावे. समजा, चोवीस खोल्यांची चाळ आहे आणि प्रत्येक खोलीचे प्रमाण भाडे दरमहा २० रुपये आहे. एका खोलीचे वर्षाचे भाडे २४० रुपये, त्याचा चौथा हिस्सा ६० रुपये, आणि चोवीस बिऱ्हाडे एकत्र आली तरी वर्षास १,४४० रुपये. विसाव्या शतकाच्या अखेरीच्या बाजारभावात एवढ्या रकमेने तुळया बदलावयाच्या, गच्ची गळती राहू नये असे पाहावयाचे आणि संडासांचे नळही दुरुस्त करावयाचे! मालकाचे संपूर्ण भाडे धरले तरी ते ५,७६० रुपये होते. जबाबदारी कलमात राहिली आणि तिला लागणारा पैसा तारखेने नाहीसा केला. मालक बेपर्वा होते हे पुष्कळ ठिकाणी खरेच आहे. पण बेपर्वाईस इतके सोयीचे आणि कर्तव्यबुद्धीस इतके महाग असे दुसरे विधान शोधून सापडणे कठीण.

येथे आणखी एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. महापालिकेच्या करात वाढ झाली, तर ती भाडेकरूकडून वसूल करण्याची मुभा कलम १० ने मालकास दिली होती. शासनसंस्थेच्या हिश्शापुरता काळ पुढे सरकू शकत होता. तरीही या मुभेने महापालिकेचे फार भले झाले असे नाही. इमारतीचे करपात्र मूल्य प्रमाण भाड्याच्या मर्यादेबाहेर जाऊ शकत नाही, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने प्रस्थापित केल्यामुळे भाड्याबरोबर कराचा पायाही गोठला. ज्या पैशातून रस्ते, पाणी, आगीचे बंब चालावयाचे, तोही अंशतः १९४० मध्येच अडकून पडला.

इमारती कोसळू लागल्या तेव्हा राज्यास दुसरा कायदा करावा लागला. मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अधिनियम १९६९ साली झाला; मालमत्ता कराबरोबर एक उपकर घ्यावयाचा आणि मंडळाने जुन्या इमारतींची दुरुस्ती करावयाची, अशी त्याची योजना. आरंभी १९,६४२ इमारती या योजनेखाली आल्या आणि त्यांपैकी १६,५०२ इमारती ‘अ’ वर्गाच्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. वर्गवारीच्या या सीमेकडे लक्ष जावयास हवे. जी तारीख भाड्याचे माप म्हणून घेतली होती, तीच आता मोडकळीचे माप झाली. एका हाताने मालकाकडून दुरुस्तीची शक्ती काढून घ्यावी आणि दुसऱ्या हाताने उपकर गोळा करून तीच दुरुस्ती शासनाने करावी, असा हा व्यवहार होता. भाडेकरूंच्या संरक्षणाचा कायदा आणि लोकांच्या जिवाच्या संरक्षणाचा कायदा हे दोन स्वतंत्र कायदे आहेत असे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः दुसरा हा पहिल्याच्या चुकीचा खर्च आहे. १९७६ च्या म्हाडा अधिनियमात हे मंडळ विलीन झाले, आणि १९८६ साली त्यात जोडलेल्या प्रकरण ८-अ ने भाडेकरूंपैकी ७० टक्के सहकारी तत्त्वावर एकत्र आल्यास इमारत संपादन करून त्यांच्या स्वाधीन करण्याची वाट काढली. मालकास मिळावयाची रक्कम ठरली ती मासिक भाड्याच्या शंभरपट. कोणते भाडे? तेच, तारखेने बांधलेले! या प्रकरणास मालकांच्या संघटनेने दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठापर्यंत गेले. खासगी मालकीची प्रत्येक वस्तू ही संविधानाच्या अनुच्छेद ३९(ब) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, असा निर्णय त्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने दिला.

दरम्यान १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणखी एक युक्ती काढली. उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधणाऱ्यास जादा चटई क्षेत्र द्यावयाचे आणि त्याने जुन्या भाडेकरूंस किमान २२५ चौरस फुटांची, पुढे ३०० चौरस फुटांची, जागा विनामूल्य व मालकी हक्काने द्यावयाची. भाड्याचा कायदा जे उघडपणे बोलू शकत नव्हता, ते बांधकामाच्या नियमाने करून टाकले. भाडेकरू मालक झाला. पण ही योजना जेथे जमिनीचा भाव तिला परवडवितो तेथेच चालते. अरुंद गल्लीतील लहान भूखंडाकडे विकासक फिरकत नाही आणि तेथील बिऱ्हाडकरू, एकदा बाहेर पडलो तर पुन्हा आत येणे नाही, या भीतीने धोक्याच्या नोटिशीनंतरही जागा सोडत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे मेली. इमारत धोकादायक ठरलेली होती, काही कुटुंबे हलविली गेली होती, काही राहिली होती. जो हक्क ताब्यावर उभा आहे तो ताबा सोडून टिकेल, असा विश्वास कायद्याने कधी निर्माणच केला नव्हता. त्या न सोडण्यास हट्ट म्हणणे सोपे आहे.

१९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटले, त्याचे महत्त्व भाड्यापुरते नाही. जन्मकाळी वाजवी असलेला कायदा काळाच्या ओघात अवाजवी होऊ शकतो आणि प्रमाण भाड्याच्या तरतुदी तशा झाल्या आहेत, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु अधिनियमाची मुदत लवकरच संपत असल्याने त्या रद्द करण्याचे टाळले. नवा कायदा अपेक्षित होता. तो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, ३१ मार्च २००० रोजी अमलात आला. मुंबईचा १९४७ चा, विदर्भातील १९४९ च्या आदेशाचा आणि मराठवाड्यातील १९५४ च्या हैदराबाद कायद्याचा असे तीन निरनिराळे अंमल त्याने एक केले, हे त्याचे निर्विवाद श्रेय.

प्रमाण भाड्याचे त्याने काय केले? १ ऑक्टोबर १९८७ रोजीचे भाडे घ्यावे व त्यात ५ टक्के मिळवावे, असे सांगितले. पुढे दरसाल ४ टक्के वाढ. पण १ ऑक्टोबर १९८७ रोजीचे भाडे हे जुन्या जागांपुरते १९४० च्याच भाड्याचे अपत्य होते. शंभर रुपयांचे १०५ झाले, आणि चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांनी ते २८० च्या आसपास पोचते. न्यायालयाने दोष दाखविला होता तो काळ थांबविण्याचा. विधिमंडळाने काळ पुन्हा सुरू केला, परंतु घड्याळ लावून न घेता.

दोन ठिकाणी मात्र नव्या अधिनियमाने खरोखर नवी वाट धरली. पहिली कलम ३ मध्ये. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये वा अधिक वसूल भांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागांवरून संरक्षण काढून घेतले गेले. भाडेकरू कोण, त्याची ऐपत काय, हा प्रश्न कायद्याने अखेर विचारला. तो विचारण्यास बावन्न वर्षे लागली आणि विचारला तो केवळ संस्थांना. राहत्या घरांत तो अद्याप विचारला गेलेला नाही; मलबार हिलवरील जुना भाडेकरू आणि काळाचौकीतील जुना भाडेकरू कलमाच्या लेखी आजही सारखेच आहेत. दुसरी वाट कलम ५६ मध्ये. पागडी घेणे हा १९४७ च्या कायद्याने गुन्हा ठरविला होता आणि शहरात ती सर्रास चालत होती. १९९९ च्या कायद्याने ती कायदेशीर केली. हा प्रामाणिकपणा म्हणावा की शरणागती, याविषयी मतभेद संभवतो. भाडे नाममात्र ठेवून जागेची खरी किंमत पागडीच्या रूपाने दोघांनी वाटून घ्यावी, आणि ज्याच्यापाशी पागडी नाही त्याने दारातही येऊ नये, ही व्यवस्था जर कायद्याने मान्य केली असेल, तर ती भाडेकरूच्या संरक्षणाची व्यवस्था उरत नाही. ताबेदाराच्या मालमत्तेची होते.

मग आज जो कामगार मुंबईत नव्याने येतो, जो सुरक्षारक्षक, परिचारिका अथवा मालपोहोच करणारा तरुण खोली शोधतो, त्याचे काय? त्याच्या वाट्यास लीव्ह अँड लायसन्स येते. कलम ५५ वाचले तर कायदा त्याच्या बाजूचा आहे असे वाटावे : करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, आणि तसा नसल्यास अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे मानावे. पण कलम २४ त्याच्या शेजारी ठेवावे. तेथे लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा आहे. दुर्बळाच्या शब्दावर कायदा विश्वास ठेवतो तो त्याने सही करेपर्यंतच, आणि ज्याला रात्रीपर्यंत खोली हवी आहे तो सही करण्यास नकार देऊ शकत नाही. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. वर्षाच्या आतील करारास नोंदणी लागत नसे म्हणून ही प्रथा पडली. नोंदणी सक्तीची झाली, कारण नाहीसे झाले, प्रथा राहिली. भाड्यावर येथे कोणतीही तारीख राज्य करीत नाही, ते दोघांच्या ठरावाचे. करारावर मात्र एक तारीख असते, आणि त्या तारखेनंतर खोली न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडून संक्षिप्त पद्धतीने ताबा घेतला जातो व सोडेपर्यंत दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.